चितगावचा शर्ट: बांगलादेशातील तयार कपड्यांचा धंदा आणि दारिद्र्याची घट

बांगलादेशात १९९१-९२ साली दर शंभर माणसांतील सुमारे ५७ जण राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखाली होते. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण १८.७ टक्क्यांवर आले. या घटीमागे शेतीतील सुधारणा, परदेशी गेलेल्या मजुरांनी घरी पाठवलेला पैसा, कुटुंबनियोजन, स्वयंसेवी संस्थांचे काम अशी अनेक कारणे आहेत. पण लाखो भूमिहीन कुटुंबांत दरमहा रोख पगार आणला तो तयार कपड्यांच्या निर्यातीच्या धंद्याने. १९७८ च्या सुमारास जवळजवळ शून्यातून सुरू झालेला हा धंदा चार दशकांत सुमारे चाळीस लाख माणसांना काम देऊ लागला. तो कसा उभा राहिला, त्याचा पैसा गरिबांच्या घरापर्यंत कोणत्या वाटेने गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेतल्याशिवाय व्यापारउदीम आणि दारिद्र्य यांच्या नात्याबद्दल काही ठामपणे म्हणता येत नाही.

दुष्काळ, ताग आणि बेकारी

डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी लढून स्वतंत्र झालेल्या बांगलादेशापुढे संकटांची रांगच उभी होती. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने किनाऱ्यावर लाखो बळी घेतले होते. युद्धात पूल, लोहमार्ग आणि बंदरे मोडली होती. भारतात आश्रयाला गेलेले निर्वासित परतत होते. सात कोटींच्या आसपास लोकसंख्या, थोडी जमीन आणि निर्यातीला एकच मोठे पीक, ते म्हणजे ताग. नारायणगंजची आदमजी ज्यूट मिल १९५१ मध्ये सुरू झाली होती आणि जगातील मोठ्या ताग गिरण्यांत तिची गणना होत असे. मात्र जगाच्या बाजारात तागाच्या पोत्यांची जागा आता प्लास्टिकच्या विणलेल्या पिशव्या घेऊ लागल्या होत्या.

मोठ्या गिरण्यांचे मालक बहुतांशी पश्चिम पाकिस्तानातले होते आणि ते देश सोडून गेले होते. मार्च १९७२ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारने ताग, सूत-कापड आणि साखर गिरण्या, तसेच बँका राष्ट्रीय मालकीच्या केल्या. कारखाने सरकारच्या हाती आले, पण ते चालवण्याचा अनुभव असलेली माणसे फारच थोडी होती. तोटा वाढत गेला आणि नवा रोजगार निर्माण झाला नाही.

१९७४ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या पुरानंतर दुष्काळ पडला. रंगपूर, मयमनसिंह आणि सिल्हेट या जिल्ह्यांत त्याची झळ सर्वांत जास्त बसली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ च्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाची बारकाईने तपासणी केली. त्या वर्षी देशातील धान्याची उपलब्धता आधीच्या वर्षांपेक्षा कमी नव्हती, असे त्यांना आढळले. पुराने शेतमजुरांचे काम बुडाले, तांदळाचे भाव कडाडले आणि एका दिवसाच्या मजुरीत मिळणारा तांदूळ झपाट्याने घटला. बाजारात धान्य होते, पण विकत घेण्याइतका पैसा मजुराच्या गाठीला नव्हता. म्हणजे उपासमारीचे मूळ धान्याच्या कोठाराइतकेच रोजगारातही होते.

खेड्यातील स्त्रियांची स्थिती आणखी बिकट होती. पायाने चालवायच्या ढेकीवर भात कांडणे हे गरीब बायकांच्या मोजक्या मोलमजुरीच्या कामांपैकी एक होते. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत गावोगाव भाताच्या गिरण्या आल्या आणि हे कामही हातचे गेले. शेतात बायांनी उघडपणे राबणे समाजाला मान्य नव्हते. नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा बाईपुढे दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करण्यापलीकडे फारसा पर्याय नसे.

कोटा आणि देवूचा करार

दुष्काळाच्या त्याच वर्षी, १ जानेवारी १९७४ पासून, जागतिक व्यापारात एक करार अमलात आला. बहुतंतू करार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेने अमेरिका आणि युरोपातील श्रीमंत देशांना बाहेरून येणाऱ्या कापडावर आणि कपड्यांवर देशवार कोटा लावण्याची मुभा दिली. आपल्याकडील गिरण्या आणि शिलाईचे कारखाने वाचवणे हा त्यांचा हेतू होता. दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि तैवान हे तेव्हाचे मोठे निर्यातदार या कोट्यात अडकले. शर्ट शिवण्याची क्षमता होती, गिऱ्हाईक होते, पण ठरलेल्या संख्येपलीकडे माल पाठवता येत नव्हता. बांगलादेशातून कपडे जवळजवळ जातच नव्हते, म्हणून त्याच्यावर कोटाही नव्हता. गरीब देशांची निर्यात अडवण्यासाठी उभारलेल्या भिंतीमुळेच एका अतिगरीब देशाकडे धंदा वळला.

बांगलादेशातून कपडे निर्यातीचा पहिला प्रयत्न देशातल्याच एका शिंप्याच्या धंद्यातून झाला. ढाक्यात १९६० पासून चालत आलेल्या शिलाईच्या दुकानातून वाढलेल्या रियाझ गारमेंट्सने १९७८ मध्ये दहा हजार शर्ट फ्रान्सला पाठवले. परदेशी गिऱ्हाईक बांगलादेशी माल घेते, हे त्यातून सिद्ध झाले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसे करायचे, याचे उत्तर मात्र कोरियातून आले.

कोरियातील देवू समूहाचे प्रमुख किम वू-चुंग कोटा नसलेल्या देशाच्या शोधात होते. त्यांची गाठ नुरुल कादेर यांच्याशी पडली. कादेर हे माजी सनदी अधिकारी. १९७१ मध्ये पाबना जिल्ह्याचे प्रशासन त्यांच्याकडे होते आणि त्यांनी मुक्तियुद्धात भाग घेतला होता. नोकरी सोडून ते उद्योगात उतरले होते. कपड्यांच्या कारखान्याचा त्यांना काहीही अनुभव नव्हता. ४ जुलै १९७८ रोजी त्यांची देश गारमेंट्स ही कंपनी आणि देवू यांच्यात करार झाला. देवूने यंत्रांची निवड, प्रशिक्षण, उत्पादनाची घडी आणि परदेशातील विक्री पाहायची आणि त्याबदल्यात विक्रीच्या एकूण आठ टक्के स्वामित्वशुल्क आणि दलाली घ्यायची, असे ठरले. भांडवल आणि मालकी बांगलादेशी राहिली.

करारातील सर्वांत मोलाचे कलम प्रशिक्षणाचे ठरले. १९७९ मध्ये देश गारमेंट्सने सुमारे १३० माणसे बुसान येथील देवूच्या कारखान्यात सहा महिन्यांसाठी पाठवली. त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांनी तेथे केवळ शिलाई शिकली असे नाही. एक शर्ट म्हणजे कॉलर, कफ, खांद्याचा जोड, पुढची पट्टी, बाह्या, खिसा, काज आणि बटणे अशी अनेक वेगवेगळी कामे. कोरियन पद्धतीत प्रत्येक काम एका मशीनवरच्या एका माणसाकडे असते आणि तुकडा हातोहात पुढे सरकत जातो. कापडाचे शेकडो थर एकावर एक रचून एकदम कसे कापायचे, एका ओळीत मशीन कोणत्या क्रमाने लावायचे, कोणते काम तुंबते ते कसे ओळखायचे, माल कुठे तपासायचा, जहाजाच्या तारखेआधी खोके कसे भरायचे, परदेशी खरेदीदाराशी पत्रव्यवहार कसा करायचा, हे सगळे या माणसांनी पाहून आणि करून घेतले.

एप्रिल १९८० मध्ये चितगावच्या कालूरघाट भागात देशचा कारखाना सुरू झाला. साडेचारशे यंत्रे आणि पाचशे कामगार ही सुरुवात. पहिल्या वर्षी ४३ हजार शर्ट तयार झाले. १९८७ मध्ये हा आकडा २३ लाखांवर गेला. तोवर देवूबरोबरचा करार केव्हाच संपला होता. देशने १९८१ च्या जूनमध्येच तो रद्द करून स्वतःच्या बळावर विक्री सुरू केली होती.

पतपत्र आणि बंधपत्री गोदाम

कारखाना आणि कारागीर असूनही धंदा दोन ठिकाणी अडत होता. शर्टाचे कापड, दोरा, बटणे, लेबले, सगळे बाहेरून आणावे लागत होते. त्यावर जबर आयातशुल्क होते आणि ते विकत घेण्यासाठी लागणारे परकीय चलन देशातच दुर्मीळ होते. या दोन अडचणी सरकारी नियमांनी सोडवल्या. कादेर यांच्यासारख्या उद्योजकांनी त्यासाठी सरकारकडे पाठपुरावा केला.

पहिली सोय बंधपत्री गोदामाची. निर्यातीसाठी आणलेले कापड कारखान्याच्या आवारातील गोदामात सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखाली ठेवायचे, त्यावर शुल्क भरायचे नाही आणि तयार कपडे परदेशी गेल्याची कागदपत्रे दाखवून हिशेब मिटवायचा, अशी तिची रीत होती. ते कापड देशातल्या बाजारात विकायला मात्र सक्त मनाई.

दुसरी सोय व्यापाऱ्यांच्या बोलीत बॅक टु बॅक एल.सी. म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील खरेदीदार शर्टांच्या मागणीबरोबर आपल्या बँकेमार्फत पतपत्र पाठवतो. माल मिळाला की पैसे देण्याची ती बँकेची हमी असते. बांगलादेशी बँक हेच पतपत्र तारण मानून कोरियाच्या किंवा हाँगकाँगच्या कापडवाल्याच्या नावे दुसरे पतपत्र काढते. कापडाचे पैसे काही महिन्यांनी द्यायचे असतात. तेवढ्यात कापड येते, शर्ट शिवून होतात, जहाज जाते आणि खरेदीदाराचे पैसे जमा होतात. त्या पैशांतून बँक आधी कापडवाल्याचे देणे भागवते आणि उरलेली रक्कम कारखानदाराच्या खात्यात टाकते. म्हणजे कापडासाठी कारखानदाराला पदरचा पैसा घालावा लागत नाही. त्याला हवी असते ती जागा, मशीन आणि पगाराची तरतूद.

या व्यवस्थेमुळे मध्यम ऐपतीचा माणूसही कारखानदार होऊ शकला. निवृत्त लष्करी अधिकारी, अभियंते, छोटे व्यापारी, तरुण पदवीधर या धंद्यात शिरले. पुढे १९८२ च्या नव्या औद्योगिक धोरणाने खाजगी उद्योगाला वाव दिला आणि १९८३ मध्ये चितगावला देशातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र निघाले. मजुरी स्वस्त असल्याने धंदा आला हे खरे आहे, पण मजुरी त्याआधीही स्वस्तच होती. ती उपयोगात आली ती नियम बदलले तेव्हा.

बुसानहून परतलेल्यांची पांगापांग

देश गारमेंट्समधून शिकलेल्या १३० जणांपैकी ११५ जण ऐंशीच्या दशकात ती कंपनी सोडून गेले. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात व्यवस्थापक झाले, कोणी परदेशी खरेदीदार आणि स्थानिक कारखाने यांच्यात मध्यस्थी करणारी बायिंग हाउस उघडली. देशचा त्यात तोटा झाला आणि देशाचा फायदा. एका कंपनीने पैसे खर्चून आणलेली विद्या थोड्याच वर्षांत शेकडो कारखान्यांत पसरली. १९८५ पर्यंत बांगलादेशात निर्यातीसाठी कपडे शिवणारे सुमारे ७०० कारखाने उभे राहिले होते. कारखानदारांची संघटना १९८३ मध्येच स्थापन झाली होती.

वाढ इतकी झपाट्याची होती की १९८५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी बांगलादेशी कपड्यांवरही कोटा लावला. काही कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. पुढे युरोपीय देशांनी आपला कोटा उठवला, अमेरिकेचा राहिला. तरीही नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाच्या एकूण निर्यातीतील निम्म्याहून अधिक वाटा तयार कपड्यांचा झाला आणि ताग मागे पडला. आदमजी गिरणी २००२ मध्ये बंद झाली.

शिलाईच्या ओळीतली मुलगी

या कारखान्यांनी प्रामुख्याने मुली आणि तरुण बायका कामावर घेतल्या. त्या कमी पगारावर राबतील आणि संघटना करणार नाहीत, हा मालकांचा हिशेब होता. त्या हिशेबाचा परिणाम मात्र मालकांच्या अपेक्षेपलीकडे गेला.

नवी आलेली मुलगी हेल्पर म्हणून लागे. शिवलेल्या तुकड्यांचे लोंबणारे दोरे कापायचे, तुकडे पुढच्या मशीनवर द्यायचे, हे तिचे काम. दुपारच्या सुट्टीत कोणा ओळखीच्या बाईच्या मशीनवर हात बसवून काही महिन्यांत ती ऑपरेटर होई आणि तिचा पगार वाढे. सकाळी आठला कामाला लागायचे, ताशी ठरलेले पीस पूर्ण करायचे, जहाजाची तारीख जवळ आली की रात्री उशिरापर्यंत ओव्हरटाइम. राहायचे मीरपूर, टोंगी, साभार, गाझीपूर अशा भागांतल्या पत्र्याच्या चाळीत, एका खोलीत चार-पाच जणींनी. चूल सामाईक, त्यामुळे पहाटे स्वयंपाकासाठी रांग. शाळेत फार न गेलेल्या, बुरखा किंवा पदर सावरत रस्त्याने घोळक्याने चालत जाणाऱ्या या हजारो मुली हे ढाका शहरासाठी पूर्वी कधी न पाहिलेले दृश्य होते. त्यांच्यावर शेरेबाजी झाली, त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले. पण महिन्याच्या पगारातून गावी जाणारा पैसा पाहून अनेक घरांचा विरोध मावळला.

कोकणातील घरे गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर कशी तगली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. रंगपूर, मयमनसिंह, बरिशाल भागातील घरांना ढाक्याच्या पगाराने तसाच आधार दिला. फरक इतकाच की येथे पैसा पाठवणारी बहुधा घरातली मुलगी होती. त्या पैशातून छपराला पत्रे आले, धाकट्या भावंडांची फी भरली गेली, गहाण जमीन सुटली. २०११ मध्ये बिकॅश ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाल्यावर हा पैसा मिनिटांत गावी पोहोचू लागला.

या बदलांचा अभ्यासही झाला. समाजशास्त्रज्ञ नायला कबीर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ढाक्यातील कामगार स्त्रियांच्या मुलाखतींवरून दाखवले की हे काम कष्टाचे असले तरी घरातील निर्णयांत आपला शब्द चालावा यासाठी त्यांनी ते स्वतःहून पत्करले होते. अर्थशास्त्रज्ञ रेचेल हीथ आणि अहमद मुश्फिक मुबारक यांनी २०१५ च्या शोधनिबंधात कारखान्यांजवळची गावे आणि दूरची गावे यांची तुलना केली. जवळच्या गावांतील मुलींची लग्ने उशिरा झाली, मुले उशिरा झाली आणि त्या अधिक वर्षे शाळेत राहिल्या. हिशेब येणाऱ्या मुलीला कारखान्यात बरे काम मिळते, हे दिसल्यावर आईबापांना तिच्या शिक्षणात अर्थ वाटू लागला. दारिद्र्य एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते ते लहान वयातील लग्न आणि तुटलेली शाळा यांतून. ती साखळी येथे सैल झाली.

बालमजुरी आणि कोट्याचा शेवट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यांत बारा-तेरा वर्षांची, त्याहूनही लहान मुले काम करत. १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही, पण तेवढ्यानेच घाबरलेल्या मालकांनी हजारो मुलांना एकदम काढून टाकले. त्यांतील अनेक मुले शाळेत न जाता खडी फोडणे, घरकाम आणि रस्त्यावरची विक्री अशा आणखी वाईट कामांत गेली, असे युनिसेफला आढळले. त्यानंतर जुलै १९९५ मध्ये कारखानदार संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात समझोता झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावरून कमी करायचे, पण आधी त्यांच्यासाठी शाळा आणि दरमहा थोडी रक्कम यांची सोय करायची, असे त्यात ठरले. निर्यातीच्या कारखान्यांतील बालमजुरी त्यानंतर मोठ्या प्रमाणात घटली.

दुसरे आव्हान १ जानेवारी २००५ ला उभे राहिले. त्या दिवशी कोट्याची व्यवस्था संपली आणि चीनपुढे बांगलादेश टिकणार नाही, असे भाकीत अनेकांनी केले. ते खोटे ठरले. पंचवीस वर्षांत कामाचा हात बसला होता, खरेदीदारांशी संबंध जुळले होते. २००१ पासून युरोपीय संघाने अतिअविकसित देशांच्या मालाला शुल्कमाफी दिली होती. कपड्याचे सूत किंवा कापडही त्याच देशात बनले असावे, अशा युरोपीय अटींमुळे सूतगिरण्या, होजियरी विणकाम आणि रंगाईचे कारखाने देशातच निघाले आणि नारायणगंज हे होजियरीचे केंद्र झाले. टी-शर्टच्या किमतीतील देशात राहणारा वाटा त्यामुळे वाढला. कापूस बांगलादेशात फारच थोडा पिकतो. भारतीय कापूस आणि सूत यांचा तो मोठा गिऱ्हाईक झाला, आणि विदर्भ-खानदेशातील कापसाच्या भावालाही या धंद्यातील तेजी-मंदी लागू पडू लागली.

राणा प्लाझा

पगार आणि सुरक्षितता यांची कथा याच्या उलट आहे. किमान वेतन १९९४ मध्ये दरमहा ९३० टाका ठरले आणि महागाई वाढत असूनही बारा वर्षे तेवढेच राहिले. २००६ मध्ये कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा ते १,६६२ टाका ५० पैसे झाले. संघटना बांधणाऱ्यांना कामावरून काढले जाई, मारहाण होई. एप्रिल २०१२ मध्ये कामगार संघटक अमिनुल इस्लाम यांचा खून झाला. कारखानदार संसदेतही मोठ्या संख्येने बसत, त्यामुळे कायद्याची अंमलबजावणी ढिली राहिली.

शहरात जागा महाग, मागणी तातडीची. म्हणून शिलाईचे कारखाने दुकानांसाठी बांधलेल्या इमारतींत, वाढवलेल्या मजल्यांवर, कुलूपबंद जिन्यांमागे चालत. एप्रिल २००५ मध्ये साभार भागात स्पेक्ट्रम कारखान्याची इमारत कोसळून ६४ माणसे मेली. २४ नोव्हेंबर २०१२ ला आशुलियातील ताझरीन फॅशन्सला आग लागून शंभराहून अधिक कामगार मरण पावले. आगीची घंटा वाजल्यावरही त्यांना जागेवर बसवून ठेवले होते.

साभारची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले, त्यांत पाच शिलाई कारखाने आणि मोठे जनरेटर. २३ एप्रिल २०१३ ला खांबांना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. कारखान्यांच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी हजर राहण्यास सांगण्यात आले, न आल्यास पगार कापण्याची धमकी होती. २४ एप्रिलला सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि नऊ वाजायच्या सुमारास इमारत खाली आली. १,१०० हून अधिक माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. मृतांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. गावाकडचे नातलग हातात फोटो घेऊन जवळच्या शाळेच्या मैदानात प्रेतांच्या रांगांतून फिरत राहिले. ढिगाऱ्यातून युरोप-अमेरिकेतील नामांकित कंपन्यांची लेबले निघाली.

त्यानंतरच्या काही महिन्यांत जे घडले ते आधीच्या तीस वर्षांत घडले नव्हते. मे २०१३ मध्ये जागतिक कामगार संघटना आणि युरोपातील कपडेविक्रेत्या कंपन्या यांच्यात अ‍ॅकॉर्ड हा कायद्याने बंधनकारक करार झाला. स्वतंत्र अभियंत्यांनी दीड हजारांहून अधिक कारखाने तपासले, त्यांचे अहवाल जाहीर केले आणि दुरुस्ती न करणाऱ्यांशी व्यवहार थांबवले. कुलूपबंद दारे गेली, आगीचे जिने आले, खांब मजबूत झाले, धोकादायक इमारतींतले कारखाने बंद झाले. जूनमध्ये अमेरिकेने बांगलादेशाची व्यापार सवलत स्थगित केली. जुलैमध्ये श्रम कायदा सुधारून संघटना नोंदवणे थोडे सोपे केले गेले. किमान वेतन त्या वर्षी ५,३०० टाका, २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ मध्ये १२,५०० टाका झाले. २०२३ च्या आंदोलनात कामगारांची मागणी याच्या जवळपास दुप्पट होती आणि पोलिसांच्या कारवाईत कामगारांचे प्राण गेले. निर्यात मात्र घटली नाही. २०१२-१३ मध्ये सुमारे २१.५ अब्ज डॉलरचे कपडे परदेशी गेले होते, २०२२-२३ मध्ये त्याहून कितीतरी अधिक किमतीचे गेले. सुरक्षित कारखान्यांनी धंदा बुडतो, हा मालकांचा जुना युक्तिवाद या आकड्यांनी निकालात काढला.

जमा आणि नावे

धंद्याचे श्रेय वाढवून सांगण्यातही अर्थ नाही. बांगलादेशातील दारिद्र्य घटले त्यात उन्हाळी बोरो भाताला मिळालेल्या पाण्याचा वाटा आहे, आखाती देशांत राबणाऱ्या पुरुषांचा आहे, मुलींच्या शाळेसाठी सरकारने दिलेल्या विद्यावेतनाचा आहे, ब्रॅक आणि ग्रामीण बँक यांसारख्या संस्थांचा आहे. १९७० च्या दशकारंभी दर स्त्रीमागे सहाहून अधिक मुले होत, ती संख्या अडीचच्या खाली आली, याचाही आहे. १९९८ मध्ये जमुनेवर पूल झाल्यावर उत्तरेकडचे जिल्हे ढाक्याशी जोडले गेले. या सर्व गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्या. कपड्यांच्या धंद्याने त्यांत भर घातली ती मोठ्या संख्येने, गावाबाहेर, रोख पगारावर मिळणाऱ्या कामाची. १९७४ च्या मजुराजवळ नेमके तेच नव्हते.

धंद्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. निर्यातीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग एकाच मालावर अवलंबून राहिला. मार्च-एप्रिल २०२० मध्ये परदेशी कंपन्यांनी सुमारे तीन अब्ज डॉलरच्या मागण्या रद्द केल्या किंवा थांबवल्या, तेव्हा लाखो कामगारांचा पगार धोक्यात आला आणि सरकारला पाच हजार कोटी टाकांचा निधी उभारावा लागला. यंत्रे अधिक स्वयंचलित झाली तसे कामगारांतील स्त्रियांचे प्रमाण घटले. रंगाईच्या कारखान्यांनी ढाक्याभोवतीच्या नद्या काळ्या केल्या. अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने शुल्कमाफी जाणार असल्याने केवळ स्वस्त मजुरीवर हा धंदा चालवणे अधिकच कठीण होणार आहे.

या चार दशकांचा निष्कर्ष दुहेरी आहे. दान आणि मदत यांनी जे साधले नसते ते व्यापाराने साधले. शिकलेली विद्या पसरली, मध्यम ऐपतीच्या माणसाला कारखाना काढता आला आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती, शाळा नव्हती, त्यांना पगाराचे काम मिळाले. पण धंद्याने आपण होऊन दिले ते काम. जिवाची हमी आणि पोटापुरता पगार मिळाला तो संप, कायदा, तपासणी आणि खरेदीदारांवर आलेले बंधन यांच्यामुळे, आणि तोही हजाराहून अधिक माणसे गेल्यावर. धंदा दारिद्र्य हटवू शकतो हे बांगलादेशाने दाखवले आहे. कामगाराचा जीव आणि त्याची मजुरी सांभाळणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून उभी केली पाहिजे, हेही त्यानेच दाखवले आहे.